पाचवं राहिलं!

फिरत्या खुर्च्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं चेकर असलेल्या माणसाच्या पोटी, दोन मिनिटं एका जागी बसू न शकणारी मुलगी यावी, याला काय म्हणावं? त्याची बहीण म्हणायची, देवालाही अधूनमधून गंमत सुचते. तो स्वतः नुसता चष्मा पुसायचा.

त्याचं काम तसं साधं, पण तो ते जीव ओतून करायचा. तयार खुर्ची समोर आली की बसायचं, पाठ टेकायची, दांडा ओढून वर-खाली व्हायचं, उजवीकडे एक फेरी मारायची आणि उठायचं. सगळं ठीक असेल तर हिरवा स्टिकर. शिवण वाकडी असेल, चाक अडखळत असेल, तर लाल. हिरवा लावताना तो खुर्चीकडे धड बघतही नसे. लाल लावायचा असला की मात्र डोळे असे चमकायचे, की कारखान्यात त्याला सगळे 'घार' म्हणत. अर्थात त्याची पाठ वळल्यावर.

आता असे डोळे घेऊन माणूस घरी आला तर त्याला काय दिसणार? भिंगरी दिसणार. वय वर्षं नऊ. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, पण तिथल्या बाईसुद्धा "भिंगरी, खाली उतर" असंच म्हणत. एक मोजा पायात, दुसरा फ्रिजवर. डबा शाळेत, दप्तर बसमध्ये आणि स्वारी कपाटाच्या डोक्यावर. "लक्ष कुठे असतं तुझं?" हे वाक्य त्या घरात मिठासारखं होतं, रोजच्या जेवणात पडायचंच.

सहामाहीचा निकाल आला त्या संध्याकाळी चेकरने तो कागदही खुर्चीसारखाच तपासला. बोट फिरवत गेला आणि सात ठिकाणी थांबला. चित्रकलेपुढे 'उत्तम' लिहिलं होतं, तिथे बोट थांबलं नाही. टेबलाखालून भिंगरी ते बोट बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध प्यायला आली ती कपाळावर लाल स्टिकर लावून. बाबाच्याच शर्टाच्या खिशातला. पुढचे चार केसही त्यात चिकटलेले.

"हे काय गं?" आईने विचारलं.

"मी रिजेक्ट माल आहे ना," दुधाच्या मिशा पुसत भिंगरी म्हणाली. "स्टिकर लावला की लांबूनच कळतं. मग कुणाला सारखं सारखं सांगावं लागत नाही."

ती हे हसत म्हणाली, तेच वाईट होतं. चेकरने तिला ओट्यावर बसवलं, बोटाला तेल घेतलं आणि स्टिकर सोडवायला लागला. त्या दिवशी बावीस वर्षांत पहिल्यांदा तो कामावर उशिरा पोचला, आणि त्याच आठवड्यात नवरा-बायको तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले.

तीन-चार खेपा झाल्या, ढीगभर प्रश्न विचारून झाले, शाळेचंही म्हणणं मागवून झालं. मग बाई म्हणाल्या, "एडीएचडी आहे. हा तिचा आळस नाही, आगाऊपणा नाही, आणि तुमचं वळण चुकलं असंही नाही. लक्ष एका जागी धरून ठेवायला तिला इतरांपेक्षा फार जोर लावावा लागतो. त्यावर उपाय आहेत, ते करूच. पण दिवसभर ही पोरगी फक्त स्वतःच्या चुका ऐकते. एवढं ऐकलं असतं तर तुम्ही-आम्हीही मोडलो असतो. तेव्हा एक चूक दाखवलीत, तर पाच चांगल्या गोष्टी दाखवा. पण खऱ्या हं! खोटं मुलांना लगेच कळतं."

भिंगरी त्या वेळी बाईंच्या टेबलाखाली, पंख्याची वायर कुठे जाते ते शोधत होती. चेकर पडला आकड्यांचा माणूस. त्याने 'पाच' तेवढं पक्कं धरलं. पुढचं सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं.

सोमवारपासून घरात कौतुकाचा नुसता पूर आला. "वा! काय सुंदर जांभई दिलीस!" "जिना काय छान उतरतेस, अगदी एकेक पायरी!" ती कठड्यावरून घसरत होती. आत्याही कमी पडली नाही. भिंगरी शिंकली तर म्हणाली, "आपल्या घराण्यात असं कुणी शिंकलंच नव्हतं गं!" बुधवारी दप्तर पुन्हा हरवलं, तेव्हा चेकरने आधी पोटभर ओरडून घेतलं आणि लगोलग पाठीमागे बोटं मोजत पाच कौतुकं उधळली. त्यातली दोन तिच्या कानांबद्दल होती.

गुरुवारी भिंगरी आईच्या कुशीत शिरली. "आई, किती दिवस राहिलेत?"

"कशाला? सुट्टीला?"

"नाही. मी मरायला."

आई उडालीच.

"सगळे किती गोड बोलताहेत माझ्याशी," भिंगरी म्हणाली. "शेजारच्या आजोबांशी पण शेवटी सगळे असंच बोलायचे."

आई हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली आणि तिने नवऱ्याला हाक मारली. चेकर धावत आला आणि ऐकून गारच पडला.

"अगं, तुला बरं वाटावं म्हणून..."

"तू बोटं मोजतोस," भिंगरी म्हणाली. "आणि बोलताना माझ्याकडे बघत पण नाहीस."

त्याने चष्मा काढून पुसला. काचेवर काहीच नव्हतं. "मग करू तरी काय मी?" त्याने बायकोला विचारलं.

"आधी बघ तिच्याकडे," ती म्हणाली. घारीला बघायला शिकवायची पाळी आली होती!

शनिवारी शाळेला सुट्टी, आईला ड्युटी आणि आत्याची दाढ सुजलेली. भिंगरीला कारखान्यात नेण्यावाचून इलाज नव्हता. एका नव्या वाचनालयासाठी चाळीस खुर्च्या तयार होत्या, सगळ्यांना हिरवा स्टिकर लागलेला, संध्याकाळी ट्रक येणार होता.

"कशालाही हात लावायचा नाही," चेकरने बजावलं.

तिने हात लावला नाही. ती बसली. आधी सरळ, मग उलटी, मग गुडघ्यांवर, मग पोटावर विमानासारखी. आणि जमिनीवर पाय मारत डावीकडे अशी सुटली की शिवणकामाच्या बायका मशीन थांबवून बघायला लागल्या.

"बाबा, टक् होतंय!"

"काही होत नाही. मी बघितलीय ती."

"टक् टक् होतंय!"

'उतर आधी खाली' हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण बायकोचं बोलणं आठवलं आणि तो बघायला वाकला. तेवढ्यात बैठक सुटली. भिंगरी बैठकीसकट जमिनीवर आली आणि खो खो हसत ओरडली, "पुन्हा!"

बैठकीखालच्या नटाला धरून ठेवणारी चकती, म्हणजे वायसर, घालायचाच राहिला होता. खुर्ची उजवीकडे फिरवली की नट आवळायचा, डावीकडे फिरवली की सुटायचा. आणि चेकर बावीस वर्षं उजवीकडेच फिरत आला होता. आवाज ऐकून मालक आले. चाळीसही खुर्च्यांची तीच कथा निघाली.

"काय हो चेकर," सगळ्यांदेखत मालक कडाडले, "लक्ष कुठे असतं तुमचं?"

चेकरचे कान तापले. हे वाक्य त्याने घरी हजारदा म्हटलं होतं, पण ते असं लागतं हे त्याला आज कळलं. मान खाली घालून तो उभा राहिला.

भिंगरी फ्रॉक झटकत मध्ये घुसली. "मालक, एक चूक दाखवली की पाच चांगल्या गोष्टी दाखवायच्या. आणि खऱ्या! डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

चेकरने चमकून तिच्याकडे बघितलं. टेबलाखालून पोरीने शब्द न् शब्द ऐकला होता.

मालकांना एकही सुचेना. "मीच सांगते, सकाळपासून बघतेय मी," भिंगरी म्हणाली आणि तिने मालकांचाच हात धरून त्यांची बोटं मोजायला घेतली. "बाबा बसायच्या आधी स्वतःची पँट झटकतो, नव्या खुर्चीला धूळ लागू नये म्हणून. एक. लोंबता दोरा उपटत नाही, कात्री शोधून आणतो. दोन. खाली पडलेले स्क्रू वेचतो, झाडणाऱ्या मावशींच्या पायाला टोचतील म्हणून. तीन. राग आला की आधी चष्मा पुसतो, मग ओरडतो, तोवर मला पळता येतं. चार. आणि पाचवं..."

तेवढ्यात एक सुटं चाक घरंगळत दाराकडे निघालं आणि भिंगरी त्याच्यामागे पळाली. मालक चार बोटं वर धरून तसेच उभे.

"अगं, पाचवं राहिलं!" ते ओरडले. आणि मग त्यांनाच हसू फुटलं.

मग काय विचारता! वायसर आले, नट आवळायचे पाने आले, एकेका खुर्चीचा नट नीट बसला, आणि प्रत्येक खुर्ची डावीकडे वीस फेऱ्या फिरवून बघायची असं ठरलं. भिंगरी तर फिरलीच, पण शिवणकामाच्या बायका फिरल्या, ट्रकचा ड्रायव्हर फिरला आणि शेवटी खुद्द मालक फिरले. उठताना ते खांबाला आपल्या भावोजींच्या नावाने हाक मारत होते.

चेकर भिंगरीसमोर उकिडवा बसला आणि त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं. "मी ऐकलं नाही, तरी टक् होतंय हे तू दुसऱ्यांदा सांगितलंस. नसतं सांगितलंस, तर वाचनालयात कुणीतरी पडलं असतं."

"हे खरंय?"

"खरंय."

"आणखी चार?"

"आत्ता तरी एवढंच सुचतंय."

"चालेल," भिंगरी म्हणाली आणि चाळिसाव्या खुर्चीवर चढली.

संध्याकाळी घरी परतताना ती चार पावलं पुढे, दोन मागे अशी नाचत होती. कोपऱ्यावर एकदम थबकली. "बाबा! पाचवं आठवलं!"

"सांग."

"तो लाल स्टिकर तू एकेक केस सोडवत काढलास. ओढला नाहीस. मला जरासुद्धा दुखलं नाही." आणि ती पुन्हा पुढे पळाली.

चेकर रस्त्यातच उभा राहिला. त्याने चष्मा काढला. या वेळी पुसायला बरंच काही होतं. मागून एक सायकल घंटी वाजवत आली.

"बाबा, बाजूला हो ना!" भिंगरी ओरडली. "लक्ष कुठे असतं तुझं?"

"तुझ्याकडे," तो म्हणाला.

भिंगरीने आधी त्याच्या हाताकडे नीट बघून घेतलं. तो बोटं मोजत नव्हता.