धूमकेतूखालचं घर

"दिसली! शेपटी दिसली!" मैदानात दोनशे माणसं एकमेकांना तुडवत होती. गावात उतरलेल्या, तापावर राख देणाऱ्या बाबाने रोवलेल्या काठीला गाल लावायचा, एक डोळा मिटायचा आणि मावळतीकडे बघायचं. धूमकेतू ज्या छपरावर दिसेल, त्या घरात करणी. महिन्याभरात तापाने पाच पोरं गेली होती, त्यामुळे शंका काढायची कुणाची छाती नव्हती. चार दिवसांपूर्वी धूमकेतू गिरणीवर दिसला आणि गिरणीवाल्याला लोकांनी गिरणीच्याच पट्ट्याने बडवलं. त्याच्या डोक्याला चौदा टाके घातले ते मी, इथला डॉक्टर. डावा डोळा मात्र वाचवता आला नाही.

आज धूमकेतू माझ्या वहिनीच्या घरावर होता. भाऊ गेल्यापासून ती शिवणकाम करून एकटी राहते. शेजारच्या तापाने फणफणलेल्या पोरीला तिने बाबाची राख चाटवू दिली नाही, माझ्याकडे आणलं. एवढाच तिचा गुन्हा.

"आकाशातला न्यायाधीश बोट दाखवतोय, बालकांनो!" बाबा किंचाळला. "मी कोण? मी नुसता टपालवाला!"

टपालवाल्याने पत्ता बरोबर हेरला होता.

लोहाराने दार फोडलं. वहिनीला केस धरून फरफटत मैदानात आणलं. मी मध्ये पडलो, तर कुणीतरी तोंडावर वीट हाणली आणि माझे दोन दात पडले. वहिनीच्या उजव्या हातावर एकाने टाच रोवली. बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

तेवढ्यात शाळेतल्या भूगोलाच्या बाई तारानकाशा घेऊन गर्दीत घुसल्या. महिनाभर रोज संध्याकाळी शाळेच्या गच्चीवरून त्या धूमकेतूची जागा नकाशावर पेन्सिलीने टिपत होत्या.

"बाई, बाजूला व्हा!" लोहाराने हातोडा उगारला.

"मार. पण आधी हे ठिपके बघ. चार दिवसांत तो उजवीकडे सरकलाय. मग गिरणीच्या डावीकडच्या घरावर कसा आला?"

"बाबांना विचारा."

"जमिनीलाच विचारते." बाईंनी उजवीकडे दहा पावलांवरची भुसभुशीत माती चपलेने उकरली. खाली काठीच्या मापाचं बुजवलेलं भोक निघालं. "चार दिवसांपूर्वी काठी इथे होती. लाव गाल."

बाईंनी बाबाची काठी उपटून त्या भोकात रोवली आणि लोहाराने बघितलं. धूमकेतू गिरणीच्याही उजवीकडे, पाण्याच्या टाकीवर होता. बाईंनी काठी पुन्हा उपटली आणि डावीकडे चाळीस पावलांवर रोवली. "आता?"

आता तो लोहाराच्याच घरावर होता. दारात त्याची बायको तान्हं पोर घेऊन उभी होती. हातोडा त्याच्या हातातून गळून पडला.

"अरे, तो कोट्यवधी मैल लांब आहे," बाई म्हणाल्या. "कुणाच्याच घरावर नाही. आपण उभं राहायची जागा बदलली की खालचं छप्पर बदलतं."

गर्दीतून पहिला दगड बाबाच्या कपाळावर बसला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. पण वहिनी मातीतूनच ओरडली, "भावोजी, थांबवा त्यांना! मघाशी मला मारणारे हेच हात आहेत!"

मी आणि बाई बाबापुढे उभे राहिलो. पोलीस येईपर्यंत हललो नाही.

वहिनीची दोन बोटं कायमची वाकडी झाली. तिला सुई धरता येत नाही. लोहार रोज तिचं पाणी भरतो आणि मान वर करत नाही. खरं-खोटं कळायला चाळीस पावलं पुरली, मित्रहो. कुणाचं दार फोडण्याआधी ती चालून बघा.