सेफ्टीचं कॉलेज

सत्यभामाच्या जिवाला एकच घोर लागला होता. लेक प्रियदर्शिनी अमेरिकेत शिकायला गेली, तर तिथं तिला कोण बघणार? नवरा रणजीतराव वाशीच्या मार्केटात कांद्याचे व्यापारी. त्यांनी हौसेनं लेकीला नेरूळच्या इंटरनॅशनल शाळेत घातलं आणि शाळेच्या मीटिंगा मात्र बायकोच्या गळ्यात मारल्या. बारावीला बोर्ड नाही, टक्के नाहीत, मुलं पुढं इथल्या कॉलेजात जायचीच नाहीत. हे साताऱ्याकडच्या नातेवाइकांना समजावता समजावता बिचारीच्या तोंडाला फेस यायचा, कारण तिचं तिलाच ते कळलेलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये शाळेच्या मॅडमनी अमेरिकेतल्या कॉलेजांची नावं धडाधड घेतली. एकही सत्यभामाच्या डोक्यात शिरलं नाही. शेवटच्या नावावर बोट ठेवून मॅडम म्हणाल्या, "और ये इसकी सेफ्टी है."

सत्यभामाचा जीव भांड्यात पडला. चला, पोरीच्या सुरक्षिततेचा विचार कुणीतरी केला होता. 'सेफ्टी' म्हणजे बाकी सगळ्यांनी नाकारलं तरी हमखास घेणारं कॉलेज, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. त्या शाळेत तोंड उघडायचीच तिला धास्ती वाटायची.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चात सेफ्टीवाल्या कॉलेजचा होकार आला. सत्यभामानं सोसायटीत घरोघर पेढे वाटले. प्रियदर्शिनीनं पेढा न खाताच परत खोक्यात ठेवला. मग तिला हव्या असलेल्या मोठ्या कॉलेजचाही होकार आला, तेव्हा कुठं ती घरभर नाचली. आता तोंड उतरलं ते आईचं.

रात्री जेवताना सत्यभामानं सांगून टाकलं, "सेफ्टीचं सोडून दुसरीकडं न्हाई जायचं."

"बरोबर हाय," रणजीतरावांनी भाकरी मोडली. "पोरीला एवढ्या लांब धाडायचं म्हंजे सेफ्टी आधी."

"पप्पा, सेफ्टी म्हणजे तसं नाही हो," प्रियदर्शिनी रडकुंडीला आली. "तिथं कुणालापण घेतात."

रणजीतरावांचा घास हातातच राहिला. "कुणालापण? म्हंजे गोणी न उघडता माल उचलणारे?"

"जवळजवळ तसंच."

"आन् तुझं ते मोठं कॉलेज?"

"ते निवडून घेतात. मार्क बघतात, निबंध वाचतात, शिक्षकांना आपल्याबद्दल विचारतात."

सत्यभामा पुरती गोंधळली. ज्याला सेफ्टी म्हणायचं, तिथं कोण कुठला येऊन बसेल त्याचा पत्ता नाही, आणि ज्याला कुणी सेफ्टी म्हणत नाही, तिथं एवढी चौकशी! मुलगी द्यायची झाली तर माणसं कुठलं घर बघतात?

"मग मोठ्यातच जा," तिच्या तोंडून निघून गेलं. "चौकशी करनारी मानसं बरी."

प्रियदर्शिनी तिच्या गळ्यात पडली आणि मैत्रिणीला फोन करायला पळाली. रणजीतराव हसत हात धुवायला उठले. सत्यभामा ताटं गोळा करू लागली, पण डोक्यात काहीतरी अडकून बसलं होतं. लेक फोन ठेवून आली, तेव्हा तिनं विचारलं, "मग ती सेफ्टी कशाची गं? तुझी न्हवं?"

"माझी नाही गं, ॲडमिशनची. कुठंच नाही मिळालं तर एक तरी हातात असावं म्हणून."

"आन् तुझ्या सेफ्टीचं? तुझं काय बोलल्या मॅडम?"

"माझं काय बोलणार? ते त्यांचं काम नाही, आई."

इतके महिने सत्यभामा त्या एका शब्दाच्या भरवशावर निवांत झोपत होती. तो शब्द तिच्या लेकीसाठी नव्हताच. आता तिला खरी भीती वाटली, पण 'हो' तर म्हणून झालं होतं. पोरीचा फुललेला चेहरा बघून ते मागं घ्यायचं धाडस तिला होईना.

"मग तिथं तुला कोण बघनार?" तिनं हळूच विचारलं.

"मीच बघीन की माझं मला," प्रियदर्शिनी म्हणाली, आणि रोजच्यासारखी वेणी घालून घ्यायला आईसमोर पाठ करून बसली.