ज्याचं गाव तो पुढे

सायकल चालवण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवून ओरेस्ते सिन्योरेल्लीनं एकही शर्यत जिंकली नाही. तो संघाचा पाणक्या. कप्तान बर्तोल्दीला बाटल्या पोचवायच्या, वारा आला की त्याच्यापुढे छाती काढून चालवायची आणि तो जिंकला की मागून टाळ्या वाजवायच्या. माझ्या कॉफीच्या दुकानात आला की मी विचारायचे, "काय रे, या खेपेला कितवा? वरून मोजू की खालून?"

"खालून मोज मावशी, लवकर सापडेन."

यंदाची जिरो, म्हणजे देशभर फिरणारी आमची मोठी सायकल शर्यत, त्याची शेवटची, आणि ती पहिल्यांदाच आमच्या खोऱ्यातून जाणार होती. सायकलवाल्यांची एक रीत आहे. ज्याचं गाव येईल त्याला बाकीचे पुढे सोडतात. तो एकटा आधी येतो, घरच्यांना भेटतो, मग पुन्हा घोळक्यात मिसळतो. पोराला असं सगळ्यांच्या पुढे आलेलं त्याच्या आईला, पाल्मिराकाकूला, एकदा बघायचं होतं. सकाळपासून ती चर्चसमोर खुर्ची टाकून बसली होती, अंगात लग्नाकार्याचा झगा.

मी दुकानातल्या टीव्हीवर बघत होते. गावाअलीकडच्या पुलावर बर्तोल्दीचं चाक फुटलं. संघाची गाडी मागे कुठेतरी अडकलेली. ओरेस्ते थांबला, आपलं चाक काढून त्याला दिलं आणि एका चाकाची सायकल धरून कठड्याशी उभा राहिला. कप्तान भुर्रकन निघून गेला.

मी बाहेर जाऊन काकूला सांगितलं.

"आजसुद्धा?" ती म्हणाली.

"तूच असा वाढवलास."

"हो, मग आता कुणाला बोलू?"

तेवढ्यात घोळका वळणावर दिसला. पण हा कसला वेग? कुणी पायच मारत नव्हतं. पाववाला नान्दो ओरडला, "अरे, कुणाला पोचवायला निघालात का?"

सगळ्यांत पुढे बर्तोल्दी, हात आडवा धरून. एक तरणा गडी बाजूनं सटकू लागला, तर यानं त्याचा सदरा मागून धरला. "कुठे निघालास? हे तुझं गाव आहे? घरचा माणूस यायचाय अजून."

मग मागून घोळका दुभंगत गेला. गाडीवाल्यांनी दिलेलं चाक लावून ओरेस्ते धापा टाकत, लालबुंद होऊन पुढे आला.

"उशीर केलास," बर्तोल्दी म्हणाला.

"कुणामुळे ते विचार."

ओरेस्ते एकटाच सुटला आणि आईसमोर येऊन उतरला. काकूनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "किती वाळलास रे."

"आई, सोड. सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत. मीही थांबलेच ना?"

तोवर घोळका येऊन एकेक पाय जमिनीला टेकून उभा राहिला. काकू उठली, बर्तोल्दीपाशी गेली आणि त्याच्याही दोन्ही गालांचे मुके घेतले. खडूस म्हणून गाजलेला तो माणूस शाळकरी पोरासारखा मान खाली घालून उभा.

"जा आता," ती सगळ्यांना म्हणाली. "जेवून जा म्हटलं असतं, पण तुम्ही फार जण आहात."