माझ्यावर कुणी चढेल का?

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे.

मला घडवलं या घरातल्या आईच्या मामाने. आई तेव्हा आई नव्हती, शेंबडी पोर होती आणि तिचे हात नळापर्यंत पोहोचत नव्हते. सुतार असलेल्या मामाने उरलेल्या फळ्या जोडून, कडा घासून मला तिच्यासमोर ठेवलं. मग ती माझ्यावर चढून आपला पेला आपण विसळू लागली. एकदा धपकन पडली, हनुवटी फुटली. मामाने जखम धुतली आणि म्हणाला, "आता दुसरा पाय आधी टाकून बघ." रडत रडत चढलीच की! काय माझा रुबाब होता तेव्हा! शेजारपाजारचे लोकही मामाकडे असलंच स्टूल मागायचे.

त्याच पोरीची पोर म्हणजे छकुली. चौथीत गेली, तरी पाणी हवं असलं की बसल्या जागेवरून हाक मारते आणि आई धावते. बुटाचे बंद बाबा बांधतात. दप्तर आई भरते. चित्रातलं आभाळसुद्धा आईच रंगवते, का तर छकुलीचा हात दुखेल! आणि मी? कोपरा लागू नये म्हणून माझ्यावर गादी बांधली आहे आणि तिच्यावर एक कुंडी ठेवली आहे. कुंडीला गादी कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही.

छकुली एकटी गॅलरीत जाऊ नये म्हणून बाबांनी दाराला आतून, अगदी वरच्या टोकाला, आकडा बसवला. परवा आई कपडे वाळत घालायला बाहेर गेली. वाऱ्याने दार आपटलं आणि आकडा आपोआप अडकला. झालं! आई गॅलरीत, छकुली घरात आणि गॅसवर दूध.

"पिलू, आकडा काढ गं!" आई काचेपलीकडून ओरडली.

"हात पुरत नाही. तू आत येऊन मला स्टूल दे ना!"

मित्रांनो, मला हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते.

दुधाचा जळका वास सुटला. छकुली घाबरली. तिने कशीबशी कुंडी उतरवली, मला फरफटत दाराशी आणलं आणि पाय ठेवला. गादी सरकली, पोरगी आपटली. आई सवयीने किंचाळली, "चढू नकोस, पडशील!" अगं बाई, मग तू काय रात्रभर कपड्यांसोबत वाळणार आहेस?

छकुली रडली. आईने तोंडावर हात दाबून धरला. मग पोरीने नाक पुसलं, गादीकडे रागाने पाहिलं आणि तिचे बंद सोडायला घेतले. आयुष्यात कधी गाठ सोडलेली नाही, त्यामुळे शेवटी दात लावले. गादी भिरकावली आणि ती चढली. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

आकडा निघाला. आई आत आली ती दोन्ही हात पसरून.

"हात काढ, मी उतरते," छकुली म्हणाली. "तू गॅस बंद कर!"

आई निमूट गेली, पण मान मागे वळवूनच. छकुली एक पाय खाली सोडून जमीन शोधत होती. तिला ती सापडली.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला नुसतं पुसून ठेवू नका, माझ्यावर पाय द्या. आणि घरातल्या मोठ्यांना सांगा, जवळ उभे राहा हवं तर, पण कृपा करून हात खिशात ठेवा.