सहाचे तीन

मी शेंदूरजनाघाटच्या एका शीतगृहातल्या कॉम्प्युटरमधली सेटिंगची फाइल बोलतेय. फाइल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पुठ्ठ्याचं कव्हर आणि लाल नाडी आली असेल. मी तशी नाही. जेमतेम वीस ओळींची आहे. संत्र्यांची खोली किती थंड ठेवायची, हवेत ओल किती राखायची, एवढंच माझ्यात लिहिलेलं असतं. थंडी करणारं यंत्र घडोघडी माझ्याकडे येऊन आकडा वाचतं आणि तेवढाच पाळतं.

जन्मले तेव्हा माझ्यात तीन अंश होते. मला घडवणाऱ्यांनी कुठल्याशा दूरच्या शहरात बसून, सगळ्याच फळांना चालेल अशा अंदाजाने तो आकडा टाकला होता. सॉफ्टवेअरच्या पॅकेजमध्ये बांधून मी इथे आले. माझी मूळ प्रत पॅकेजातच राहिली आणि मी कामाला लागले.

पहिल्या वर्षी मृग बहाराची, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात उतरणारी संत्री महिनाभर तीन अंशांत राहिली. काढली तेव्हा छान दिसत होती. दोन दिवसांत सालीवर तपकिरी खड्डे पडले. खुशालराव नावाचे बागायतदार तसं एक फळ घेऊन ऑफिसात आले आणि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या प्रणालीच्या हातात ठेवलं.

"पोरी, हे आपसूक सडलं नाई. गारठलं हाय. थंडीच्या दिवसात लेकरू उघडं निजवल्यावानी केलं तुमी."

प्रणालीला ते लागलं. पुढच्या हंगामात तिने मला उघडून तिनाचे चार केले, मग पाच. दर वेळी दोन क्रेट आत ठेवायची, काही दिवसांनी काढायची, टेबलावर मांडून रोज एक फळ सोलून चाखायची. सहा अंशांवर साल नितळ राहिली. त्या वर्षी खुशालरावांचा माल चाळीस दिवसांनी निघाला तो आताच तोडल्यासारखा.

"आता याले हात नको लावू," ते म्हणाले. प्रणाली हसली. माझ्यातला तो सहा तिने स्वतः चाखून ठरवलेला होता.

तीन वर्षं गेली. मग प्रणालीला अकोल्यात नोकरी लागली. जाताना तिने नुकत्याच कामाला लागलेल्या देवीदासला किल्ल्या दिल्या, यंत्र कसं चालतं ते दाखवलं. माझ्याबद्दल सांगायचं राहून गेलं. विसरली म्हणू नका. माणसाच्या अंगवळणी पडलेलं त्याला सांगण्यासारखं वाटतच नाही.

फेब्रुवारीत कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीला अमरावतीहून अश्विन आला. पोरगा हुशार, कामाचा नीट. त्याने मशीन सुरू केलं आणि आत काही बिघडलं तर नाही ना, हे पाहायला एकेक फाइल तिच्या मूळ प्रतीशी ताडून बघितली. सगळ्या जुळल्या. मी जुळले नाही. पडद्यावर दोन ओळी एकाखाली एक आल्या. मूळ प्रत म्हणत होती तीन, मी म्हणत होते सहा.

"हे कोणी बदललं?" त्याने विचारलं.

"आधीच्या मॅडमनं बदललं असन," देवीदास म्हणाला.

"काहून?"

"मले काय मालूम, सायेब? मी तं दिवाळीनंतर लागलो."

अश्विनने माझ्या सगळ्या ओळी वरून खालपर्यंत वाचल्या. कारण शोधत होता बिचारा. मला आकडा सांगता येतो, कारण सांगता येत नाही. त्याने प्रणालीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. बाहेर संत्र्यांची गाडी उभी होती, खोली लगेच सुरू करायची होती.

"कंपनीनं दिलेलं तेच बरोबर धरू," तो म्हणाला. त्याने माझ्या नावाला 'जुनी' अशी शेपटी लावून मला बाजूला टाकलं आणि माझ्या जागी मूळ प्रत आणून बसवली.

गाडीतला माल खुशालरावांचा होता. साडेतीनशे क्रेट. देवीदासने दार लावून घेतलं. मी शेजारीच होते, पण यंत्र आता माझ्याकडे येत नव्हतं. पस्तीस दिवस मी नुसती पडून राहिले.

मार्च संपताना माल निघाला, आणि तिसऱ्या दिवशी खुशालराव तसंच खड्डे पडलेलं फळ घेऊन आले. रागावले नाहीत. खुर्चीवर बसून राहिले. देवीदासने प्रणालीला फोन लावला.

"कितीवर हाय?" तिने विचारलं.

"तीन. फेब्रुवारीत सायबानं बदललं. तुमाले फोन लावला होता, उचलला नाई."

मग ती म्हणाली, "त्या दिवशी मी बसमधी होती. अनोळखी नंबर पाह्यला. म्हटलं, घरी गेल्यावर लावीन. मग लावलाच नाई."

फोन स्पीकरवर होता. खुशालराव उठले. "राहू दे, पोरी. तुयं तोंड नको सुकवू," एवढं बोलून निघून गेले.

आता माझ्या जागेवरच्या प्रतीतही सहा आहे. पण या हंगामात खुशालरावांची गाडी आलेली नाही. बागेतूनच त्यांनी माल व्यापाऱ्याला देऊन टाकला म्हणतात. माझा उपयोग संपला. अश्विन पुढच्या महिन्यात जुन्या फाइली पुसायला येणार आहे, त्यात मीही जाईन.

जाण्याआधी हात जोडून एवढंच मागते. तुमच्यापुढे कधी अशा दोन न जुळणाऱ्या ओळी आल्या, तर वेगळी आहे ती चुकलेलीच, असं धरू नका. ती कोणी, कशासाठी बदलली, ते विचारा. फोन उचलला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा लावा.