फुग्यांची बाटली कोणाच्या हाती

छकुली पाच वर्षांची झाली तरी तिच्या तोंडात शब्द मोजून तीन: पाणी, दे आणि नको. 'नको' तर इतकं खणखणीत की शेजारचे दचकायचे. 'आई' मात्र नाही. तिच्या आईला बाकी काही नको होतं, एकदा ती हाक ऐकायची होती. लोक म्हणायचे, "बोलेल हो, घाई काय आहे!" त्यांचं काय जातंय म्हणायला!

छकुलीला शिकवायला एक ताई यायच्या. अशा मुलांना शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. हसणं बहुतेक त्या अभ्यासक्रमात नसावं. पद्धत सरळ होती. छकुलीच्या हनुवटीला बोट लावायचं, "म्हण, पाणी" म्हणायचं आणि ती म्हणाली रे म्हणाली की साबणाचे फुगे उडवायचे. फुग्यांवर छकुली जीव टाकायची.

"सुरुवातीला दर वेळी बक्षीस," ताई म्हणाल्या. "शब्द पक्का झाला की कधी द्यायचं, कधी नाही. पुढचं कधी मिळेल ते कळेनासं झालं की माणूस हट्टाने करत राहतं."

"माणूस म्हणजे छकुली ना?" आईने विचारलं.

"कोणीही."

मग 'आई' या शब्दाची पाळी आली. घरी सराव आईनेच घ्यायचा होता. "बाटली तुमच्याच हातात राहू द्या," असं ताईंनी बजावलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी छकुलीने ती हिसकावली आणि परत मागितल्यावर घर डोक्यावर घेतलं. आईने राहू दिली. तेवढीच शांतता.

"म्हण, आई," आई म्हणाली. छकुलीने फुंकर मारली. फुगेच फुगे! पोरीला गोडी लागली म्हणून आई हरखली. मग काय, उठता बसता "म्हण, आई", आणि दर वेळी फुगे. पुढे पुढे छकुली कधी उडवायची, कधी नुसती बघत बसायची. नाही उडवले की आईला आणखी चेव चढायचा. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तेच. बिचारीचा घसा बसला.

ताई आल्या आणि बराच वेळ हा प्रकार बघत राहिल्या.

"शब्द पक्का झालाय," त्या म्हणाल्या.

आई एकदम पुढे सरसावली. "अगं बाई! कधी म्हणाली?"

"ती नाही, तुम्ही. छान शिकवलंय तिने. बक्षीसही बरोबर वेळेला कमी केलं."

आई रडकुंडीला आली. "मग आता मी काय करू?"

"गप्प बसा."

आईने ओठ घट्ट मिटले. छकुलीने काडी बुडवून वर धरली आणि वाट बघितली. काहीच नाही. पुन्हा बुडवली. तरी नाही. मग तिने बाटली खाली ठेवली, जवळ आली आणि साबणाने बरबटलेलं बोट आईच्या हनुवटीला लावलं.

"म्हण," ती म्हणाली. "आई."

आईला तिला उचलून घट्ट कवटाळावंसं वाटलं. पण पोरगी उत्तरासाठी थांबली होती.

"आई," आई कशीबशी म्हणाली. अर्धा शब्द रडण्यातच गेला.

छकुलीने जरा विचार केला. उच्चार काही स्पष्ट नव्हता. तरी तिने फुगे दिले.