अम्माचं इंग्रजी

“अम्मा, तुला इंग्रजी किती येतं?”

प्रश्न माझा नव्हता. सरोजा आणि कनका, माझ्या वर्गातल्या दोघी, यांनी पैज लावली होती की मी हे आईला विचारणार नाही. मी नुकतीच इंग्रजी वक्तृत्वाची ढाल जिंकली होती. त्या दिवसांत मद्रासमध्ये मला घाबरवेल असं काहीच उरलं नव्हतं.

अम्मा मुरुक्कू, म्हणजे तांदळाच्या चकल्या, तळत होती. तिनं झारा खाली ठेवला आणि खरोखरच बोटांवर मोजलं. “होपलेस. कोलॅप्स्ड. ऑल ओव्हर. वॉशआउट.”

सरोजा तोंड दाबून हसली. कनकानं विचारलं, “मामी, गुड मॉर्निंग नाही येत?”

“ते मला कुणी म्हटलं नाही गं.”

मीही हसत होते, पण मग मला ते शब्द एकेक करून आठवायला लागले. आम्ही मूळचे तंजावरकडचे मराठी; आमच्या घरी तेव्हापासूनची रीत आहे, अभद्र ते आपल्या भाषेत उच्चारायचं नाही. देव्हाऱ्यातल्या देवांना मराठी कळतं, म्हणून वाईट बातमी इंग्रजीत. आजोबा तसं करत, अप्पाही तसंच करतात. आजोबांना तपासून डॉक्टर गेले तेव्हा अप्पा म्हणाले होते, होपलेस. शेजारच्या कृष्णस्वामीकाकांचा छापखाना बसला, तो कोलॅप्स्ड. आजोबा गेले ती पहाट, ऑल ओव्हर. अम्मानं कधी अर्थ विचारला नाही. अप्पांचा चेहरा बघायची आणि कामाला लागायची.

वॉशआउट मात्र मी घरात ऐकलेला नव्हता.

“हा कधीचा?”

“मागल्या शुक्रवारचा,” ती झारा उचलत म्हणाली. “माझ्या परीक्षेचा.”

वर्षभर अम्मा दुपारी गल्लीतल्या बायकांबरोबर हिंदी शिकत होती. पास झाली तर आमच्याच ओसरीवर लहान मुलांचा वर्ग तिला मिळणार होता. कुठली चटई अंथरायची तेसुद्धा तिनं ठरवलं होतं, आणि ते फक्त मला सांगितलं होतं. निकाल अप्पांच्या एग्मोरच्या ऑफिसात यायचा होता. तो येऊन आठवडा झाला होता आणि मला पत्ताच नव्हता.

माझं लक्ष ताटाकडे गेलं. मुरुक्कूखालचे तेलकट कागद तिच्याच हिंदीच्या वहीचे होते. अम्माचं गोल, जपून काढलेलं अक्षर तेलात पसरत होतं. सरोजानं हातातला मुरुक्कू हळूच परत ठेवला. थोड्या वेळानं दोघी गेल्या. पैजेचं नाव कुणी काढलं नाही.

मी शोधलं; अप्पांच्या कपाटात निकालाचं पाकीट होतं. तीन पेपर. दोन पास, त्यातल्या एकात अठ्ठावन्न. तिसऱ्यात, निबंधाच्या, चार गुण कमी. खाली छापलं होतं की फेब्रुवारीत तेवढाच पेपर पुन्हा देता येईल.

अप्पा आले, पाय धुऊन बसले. मी कागद पुढे धरला. मला वाटलं रागावतील. ते छत्रीची मूठ पुसू लागले.

“दिवेलागणीची वेळ होती,” ते म्हणाले. “नापास हा शब्द हिच्या तोंडावर मराठीत कसा म्हणू? जीभच वळेना, म्हणून वॉशआउट म्हटलं. अन् पुढे ती काही विचारीना.”

“तुम्ही पाकीट कपाटात ठेवलंत,” अम्मा दारातून म्हणाली. “मग काय विचारायचं?”

मी कागद मोठ्यानं वाचला, मराठीतून, देव्हाऱ्यासमोरच. निबंधाच्या ओळीशीही थांबले नाही.

अम्मानं कढई उतरवली होती. हात पदराला पुसत ती जवळ आली. “चारच?” तिनं विचारलं. मग पुन्हा, अप्पांकडे बघून, “चारच होते?”

अप्पांनी कागद माझ्याकडून घेतला आणि तिच्या हातात दिला.

“फेब्रुवारीतल्या हिंदीच्या परीक्षेला मी पण फॉर्म भरणार,” मी दोघांना सांगितलं. “रोज संध्याकाळी अम्मा आणि मी निबंध लिहू. तिच्यासाठी नवी वही अप्पा आणतील. आणि निकाल ऑफिसात नाही, इथे येईल, अम्माच्या नावानं. कसाही असो, मी तो असाच वाचणार.”